बुरसलेला दाणा आणि यकृताचा कर्करोग

घरातील कर्ता पुरुष पोटात पाणी होऊन, पिवळा पडून, दोनचार महिन्यांत हातचा गेला म्हणजे मागे राहिलेल्या माणसांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, हा रोग आमच्या रक्तातच आहे काय? पूर्वी या प्रश्नास 'नशीब' एवढेच उत्तर मिळे. हल्ली त्याच्या जोडीस दुसरे उत्तर आले आहे. शहरातील प्रयोगशाळा रक्ताचा किंवा थुंकीचा नमुना घेऊन जनुकांची परीक्षा करून देतात. तिला हजारो रुपये पडतात. आणि ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे असा मनुष्य तो खर्च करावयास सहज तयार होतो. ही परीक्षा करावी की न करावी, याचे उत्तर एका शब्दात देणे सोपे असले तरी त्याने कोणाचे समाधान व्हावयाचे नाही. यकृताच्या कर्करोगापुरते पाहू गेल्यास या प्रश्नाची पाळेमुळे पुष्कळ अंशी आपल्या खळ्यात आणि कणगीत सापडतात, असे गेल्या साठ-पासष्ट वर्षांच्या संशोधनाने दाखविले आहे. ते कसे, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१९६० साली इंग्लंडात टर्की जातीच्या पक्ष्यांत एकाएकी मरी पडली. थोड्या महिन्यांत एक लाखावर पिले मेली. रोग कोणता हे कळेना, म्हणून त्यास 'टर्कींचा क्ष रोग' असे नाव पडले. मेलेल्या पिलांच्या यकृताचा नाश झालेला आढळे. शोध करता करता संशय खाद्यावर आला, आणि त्या खाद्यात ब्राझील देशाहून आलेली भुईमुगाची पेंड होती असे निष्पन्न झाले. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढून तिने एक विष तयार केले होते. बुरशीच्याच नावातील अक्षरे घेऊन त्या विषास 'ॲफ्लाटॉक्सिन' म्हणू लागले. अतिनील प्रकाशात धरले असता त्याचा एक प्रकार निळा चमकतो व दुसरा हिरवा. त्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांस 'बी' व 'जी' म्हणतात. त्यांत 'बी-१' हा सर्वांत घातक. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९६१ साली, ब्राझीलची तसली पेंड उंदरांस चारून पाहिली तेव्हा त्यांच्या यकृतात कर्काच्या गाठी आल्या. पक्ष्यांच्या मरीचा प्रश्न अशा रीतीने माणसांच्या ताटापर्यंत आला. १९८७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे विष मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातले.

ही बुरशी परकी नाही. जमिनीत, पालापाचोळ्यात, वाऱ्यात ती सर्वत्र आहे, आणि उष्ण व दमट हवा तिला मानवते. भुईमूग, मका, सरकी, मिरची, सुके खोबरे यांवर ती विशेष आढळते. आपल्या घरी दाण्याचे कूट ज्या भाजीत नाही अशी भाजी विरळा, आणि उपासाच्या दिवशी तर दाणे हेच मुख्य अन्न. तेव्हा या विषाचा विचार परदेशातील पक्ष्यांची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

१९७४ साली आपल्याच देशात जे घडले ते तर प्रत्येक धान्य पिकविणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत, मक्यावर गुजराण करणाऱ्या खेड्यांतून, काविळीची साथ उद्भवली. डोळे पिवळे होत, पाठोपाठ पोटात पाणी होई. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि त्यांतील शंभराहून अधिक दगावली. गावच्या कुत्र्यांसही तोच आजार झाला. यावरून दोष अन्नात असावा या तर्कास बळकटी आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मका तपासला तेव्हा काही नमुन्यांत एका किलोमागे सहापासून पंधरा मिलिग्रॅमपर्यंत ॲफ्लाटॉक्सिन निघाले. हकीकत अशी की, आधीच टंचाई, त्यात कणसे तयार होण्याच्या वेळी अवकाळी पाऊस, आणि भिजलेले धान्य ठेवावयास धड जागा नाही. बुरशी दिसत होती. पण घरात दुसरे धान्य नव्हते. केनयातही २००४ साली मक्यापासून अशीच विषबाधा होऊन ३१७ जण आजारी पडले व १२५ मेले.

ही झाली एकदम मोठी मात्रा पोटात गेल्याची कथा. तिच्यात निदान कारण आणि परिणाम शेजारी शेजारी उभे असतात. याच विषाचा थोडाथोडा अंश वर्षानुवर्षे पोटात जात राहिला तर काहीच दिसत नाही. कावीळ होत नाही, पोट दुखत नाही, मनुष्य कामास जातो. आणि वीस-पंचवीस वर्षांनी यकृतात गाठ निघते. त्या वेळी कोणत्या साली कोणते दाणे खाल्ले हे कोण सांगणार? मग ते सांगावयास जनुके पुढे आली, आणि तो भाग मोठा चमत्कारिक आहे.

शरीराच्या प्रत्येक पेशीत वंशपरंपरेने आलेला एक दस्तऐवज असतो. तो चार अक्षरांत लिहिलेला आहे आणि तीन-तीन अक्षरांचा एक शब्द होतो. पेशी दुभंगून दोन होतात तेव्हा या दस्तऐवजाची नक्कल केली जाते. त्यात पी-५३ नावाचे एक जनुक आहे. त्याचे काम पिकावरील राखणदाराचे. एखाद्या पेशीच्या दस्तऐवजात बिघाड झाला तर हा राखणदार तिची वाढ थांबवितो, नाहीतर तिला मरावयास लावतो. त्याचा स्वतःचा मजकूर ३९३ शब्दांचा आहे.

यकृताचे काम बाहेरून आलेले विष फोडून टाकण्याचे. परंतु ॲफ्लाटॉक्सिन फोडताना यकृतातील विकर, म्हणजे रासायनिक फेरफार घडविणारे पदार्थ, त्याला आधी अधिक तिखट रूप देतात. हे रूप दस्तऐवजातील 'जी' या अक्षरास जाऊन चिकटते, आणि पुढे नक्कल होताना त्या जागी चुकून 'टी' लिहिला जातो. ही चूक कोठेही होऊ शकते. पण राखणदाराच्या २४९ व्या शब्दाचे तिसरे अक्षर तिचे विशेष आवडते दिसते. १९९१ साली चीनमधील चिदोंग परगण्यातील रोग्यांच्या यकृताच्या १६ गाठी तपासल्या, तेव्हा ८ गाठींत नेमके हेच अक्षर बदललेले निघाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेकडील रोग्यांतही ही खूण सापडली. ज्या देशांत धान्यावर ही बुरशी फारशी येत नाही तेथील यकृताच्या कर्करोगात ती क्वचित दिसते. चोर गेल्यावर त्याच्या पावलाचा ठसा ओल्या मातीत राहावा, तसा विषाचा ठसा पेशीत राहिला.

येथेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. ही खूण जन्मजात नसते. ती त्या माणसाच्या यकृतात, त्याच्या आयुष्यात, त्याने खाल्लेल्या अन्नाने उमटलेली असते आणि ती मुलाकडे जात नाही. थुंकीतील जनुकांची जी परीक्षा बाजारात मिळते ती जन्माबरोबर आलेला मजकूर वाचते. बापाच्या यकृतावर पडलेला डाग मुलाच्या थुंकीत सापडावयाचा नाही. मग एकाच घरात दोघा-तिघांना हा रोग होतो तो कसा? त्याचे एक कारण उघड आहे. बाप, मुलगा आणि भाऊ एकाच कणगीतले खातात. दुसरे कारण विषाणूचे आहे, ते पुढे येईल.

जन्मजात जनुकांचा काहीच संबंध नाही असे मात्र आमचे म्हणणे नाही. वर सांगितलेले तिखट रूप तयार झाल्यावर त्यास बांधून शरीराबाहेर घालविणारे दुसरे विकर असतात. काही माणसांत यांपैकी एका विकराचे जनुक जन्मतःच गळालेले असते, काहींत ते सावकाश काम करते. घाना व चीन येथील रोग्यांवरून १९९५ साली असे दिसून आले की, या उणिवांमुळे तेच अन्न खाऊन एकास दुसऱ्यापेक्षा अधिक अपाय होऊ शकतो. दोघे भाऊ एका ताटात जेवले तरी दोघांची यकृते एकसारखी नसतात, हे खरे. परंतु ही उणीव कोणास आहे हे कळले तरी सल्ला काय द्यावयाचा? बुरसलेले दाणे खाऊ नका, हाच. आणि ज्यास उणीव नाही त्यास ते खुशाल खा असे कोण सांगेल? ज्या परीक्षेच्या दोन्ही निकालांवर एकच उपाय सांगावा लागतो, तिच्यासाठी या रोगापुरते तरी पैसे खर्चू नयेत असे आम्हांस वाटते.

हा निवाडा सर्व कर्करोगांस लावू नये. स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग काही घराण्यांत खरोखरच वंशाने उतरतो, आणि त्यास कारण असलेली बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके अनुक्रमे १९९४ व १९९५ साली हाती लागली. आई, मावशी, बहीण अशा दोघी-तिघींना, त्यातही तरुणपणी, हा रोग झाला असेल तर परीक्षेचा खरा उपयोग होतो. कारण निकालावरून तपासणी कधी सुरू करावी व शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरते. आतड्याच्या कर्करोगाचाही असा एक वांशिक प्रकार आहे. एकंदर कर्करोगांत असे वांशिक रोग शेकडा पाच ते दहा धरले जातात. त्या घरांनी कर्करोगाच्या जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन मगच परीक्षा करावी. जाहिरात पाहून करू नये.

विषाचा ठसा रक्तात शोधण्याचाही प्रयत्न झाला आहे. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया हा भुईमुगावर जगणारा लहानसा देश. तेथे केलेल्या एका तपासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. यकृताचा कर्करोग झालेल्या ५३ रोग्यांपैकी १९ जणांच्या रक्तात २४९ व्या शब्दाची चूक आढळली. पण कर्करोग नसलेल्या ५३ जणांतही ३ जणांच्या रक्तात ती निघाली. म्हणजे रोगी असूनही पुष्कळांत खूण सापडत नाही आणि रोग नसूनही थोड्यांत सापडते. संशोधकांस हे साधन मोलाचे आहे. एकट्या माणसाने आपले भविष्य पाहण्यासाठी त्याचा आधार घेणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

आता विषाणूविषयी. 'ब' काविळीचा विषाणू आईकडून नवजात मुलास, दूषित रक्तातून, न उकळलेल्या सुईतून अंगात शिरतो, आणि लहानपणी शिरला तर बहुधा जन्मभर राहतो. हा विषाणू आणि बुरशीचे विष एकाच यकृतात भेटले म्हणजे काय होते, याचा हिशेब शांघाय येथे झाला. तेथील १८,२४४ पुरुषांच्या लघवीचे व रक्ताचे नमुने १९८६ ते १९८९ या काळात घेऊन ठेविले आणि पुढे कोणास यकृताचा कर्करोग होतो याची वाट पाहिली. १९९४ पर्यंत ५० जणांचा हिशेब हाती आला. विषाणूही नाही आणि विषाची खूणही नाही अशा माणसाचा धोका एक धरला, तर केवळ विषाची खूण असलेल्याचा धोका ३.४ पट, केवळ विषाणू असलेल्याचा ७.३ पट, आणि दोन्ही असलेल्याचा ५९.४ पट निघाला. दोन आकड्यांचा गुणाकारही पंचविसाच्या पुढे जात नाही, हे वाचकांनी पाहावे. रोगी अवघे ५० असल्यामुळे शेवटचा आकडा तंतोतंत धरू नये; पण दोघांची सोबत दोघांच्या बेरजेहून फार वाईट, याविषयी शंका राहिली नाही.

या सर्वांत आम्हांस अत्यंत महत्त्वाची वाटते ती हकीकत चिदोंगचीच आहे. चिदोंग हा यांगत्से नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर असलेला परगणा. यकृताच्या कर्करोगासाठी तो जगात कुप्रसिद्ध होता. लोकांचे मुख्य अन्न मका, हवा दमट, आणि विषाणू पुष्कळांच्या अंगात. १९८० नंतरच्या दशकात चीन सरकारने शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे निर्बंध सैल केले. लोकांच्या हाती पैसा आला, बाजारात तांदूळ मिळू लागला, आणि त्यांनी मका सोडून भात खाण्यास आरंभ केला. कर्करोग टाळण्यासाठी कोणी हे केले नाही. भात आवडतो म्हणून केले. तेथील लोकांच्या रक्ताचे जुने नमुने जपून ठेविलेले होते. हे विष रक्तातील अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनास चिकटून राहते, त्यामुळे ते मोजता येते. १९८९ साली दर मिलिग्रॅम अल्ब्युमिनमागे विषाचे मध्यम प्रमाण १९.३ पिकोग्रॅम होते. २००९ पर्यंत ते इतके खाली आले की यंत्रास दिसेना. (ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागास पिकोग्रॅम म्हणतात.) आणि पस्तिशीच्या आतील लोकांत यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, १९६० नंतरच्या दशकात जन्मलेल्यांपासून १९८० नंतरच्या दशकात जन्मलेल्यांपर्यंत येता येता, निम्म्याहून कमी झाले. हे सर्व लोक नवजात मुलांस सरसकट लस देण्याच्या आधी जन्मलेले होते. म्हणजे विषाणू अंगात तसाच होता, आईबापांकडून आलेली जनुके तीच होती. बदलले होते ते ताटातील धान्य.

मग भुईमूग आणि मका सोडून द्यावा काय? ज्याचे शेत भुईमुगाचे आहे त्यास हा सल्ला देणे म्हणजे थट्टा होय. सुदैवाने दुसरा मार्ग आहे आणि तोही मोजून पाहिलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात वीस खेडी निवडली. दहा खेड्यांतील शेतकऱ्यांस भुईमुगाच्या काढणीनंतर काही साध्या गोष्टी करावयास लाविल्या: खराब शेंगा हाताने वेचून काढणे, उघड्या जमिनीऐवजी चटईवर शेंगा वाळविणे, त्या पुरत्या वाळल्या की नाही हे पाहणे, प्लास्टिकच्या गोण्यांऐवजी तागासारख्या धाग्यांच्या पोत्यांत भरणे, पोती लाकडी फळ्यांवर ठेवणे आणि किडीचा बंदोबस्त. बाकीच्या दहा खेड्यांत नेहमीची वहिवाट चालू ठेविली. काढणीनंतर लगेच आणि पाच महिन्यांनी गावकऱ्यांचे रक्त तपासले. नेहमीच्या वहिवाटीच्या खेड्यांत विषाचे प्रमाण ५.५ वरून १८.७ वर चढले. चटई आणि पोते वापरणाऱ्या खेड्यांत ते ७.२ होते ते ८.० झाले. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. चटईचा गुण माणसाच्या रक्तात मोजता येतो हे आम्हांस तरी त्यापूर्वी ठाऊक नव्हते.

तेव्हा आपल्या शेतात काय करावयाचे ते पाहू. विषाची सुरुवात काढणीपूर्वीच होते. शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत, शेंगेत दाणा भरत असता, जमीन कोरडी आणि तापलेली राहिली तर बुरशी जमिनीतच दाण्यात शिरते. ज्यास विहिरीचे पाणी आहे त्याने शेवटची पाळी वाचविण्याचा मोह धरू नये. वाळवी आणि हुमणी यांनी भोक पाडलेली, किंवा कोळप्याच्या पात्याने चिरलेली शेंग म्हणजे बुरशीस उघडे दार. काढणीस उशीर केला तर जून शेंगा जमिनीत राहून नासतात, आणि घाई केली तर कोवळे दाणे सुरकुततात व तेच आधी बुरसतात.

उपटलेल्या वेलांचे ओले ढीग रात्रभर रचून ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती मोडावी. वेल उलटे, शेंगा वर अशा ओळीत पसरावे, म्हणजे शेंगांस वारा लागतो आणि त्या जमिनीस टेकत नाहीत. परतीच्या पावसाने गाठले तर आधी शेंगा तोडून छपराखाली पातळ पसराव्या. वैरणीचे नुकसान सोसावे. शेंगांत ओल शेकडा आठापेक्षा अधिक नसावी. ओल मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर शेंग कानाशी हलवून पाहावी. दाणा खडखडला पाहिजे, आणि दाणा चोळला असता वरचे तांबडे साल सुटले पाहिजे. एकदा वाळलेली शेंग पुन्हा भिजली की पहिली मेहनत फुकट जाते. या दृष्टीने एक वाईट प्रघात आहे तो असा की, फोडताना दाणा तुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडतात. पाण्याने वजनही वाढते हे व्यापाऱ्यास ठाऊक असते व शेतकऱ्यासही. तो दाणा मग पोत्यात घामेजतो. पाणी मारलेला माल आपल्या घरी खाण्यास ठेवू नये, आणि जो घरी ठेवावयाचा नाही तो दुसऱ्याच्या घरी पाठविताना थोडा विचार करावा.

सर्वांत अधिक फळ वेचणीला आहे. विष सर्व राशीत सारखे पसरलेले नसते. शेकड्यातील थोड्याच दाण्यांत ते असते, पण त्या दाण्यांत इतके असते की एखादा दाणा कित्येक किलो चांगल्या मालास बाद करू शकतो. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांस एका किलोमागे ४ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा आहे, आणि भारतातून गेलेला माल तिच्यावर अडकून परत आल्याची उदाहरणे वारंवार घडतात. सुरकुतलेले, काळवंडलेले, किडलेले, हिरवट बुरशी धरलेले दाणे वेचून काढले म्हणजे विषाचा मोठा भाग निघून जातो. कडवट लागलेला दाणा आपण थुंकून टाकतो आणि उरलेली मूठ खातो. ही सवय चांगली असली तरी पुरेशी नाही, कारण विषारी दाणा कडवट लागेलच असा नेम नाही, आणि कुटात तर चव कळतच नाही. भाजल्याने विष काही अंशी कमी होते, नाहीसे होत नाही; उकळल्याने जवळजवळ तसेच राहते. कूट घरी, वेचलेल्या दाण्यांचे करावे. बाजारातील तयार कुटात दाणा कसा होता हे पाहण्यास मार्ग नसतो.

वेचून काढलेले दाणे पुढे कोठे जातात, या प्रश्नाविषयी मोठमोठ्या बागाइतदारांच्या घरीही मौन आढळते. ते गड्याला देतात, मजुराच्या घरी पाठवितात, स्वस्तात विकतात, घाण्यावर नेतात किंवा जनावरांपुढे टाकतात. गडी आणि मजूर यांच्या यकृतात निराळे विकर नसतात. घाण्यात घातल्यास बहुतेक विष पेंडीत उतरते, आणि न शुद्ध केलेल्या गढूळ तेलातही थोडे राहते. ती पेंड गाईम्हशीने खाल्ली की विषाचा काही अंश रूप पालटून एका दिवसाच्या आत दुधात येतो. त्यास 'एम-१' म्हणतात. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ०.०५. हे दूध प्रथम आपल्याच घरातील लहान मुलांस जाते, कारण दूध हेच त्यांचे मुख्य अन्न. पेंड बदलली तर थोड्याच दिवसांत दूध सुधारते, एवढे त्यात बरे आहे. वाईट दाणे शेतातून दूर खड्ड्यात पुरावे वा जाळावे. कोंबड्यांपुढे तर मुळीच टाकू नयेत.

यावर शेतकरी विचारील की, वेचणीची मजुरी कोणी द्यावी? बाजारात वेचलेल्या व न वेचलेल्या मालास बहुधा एकच दर मिळतो, किंबहुना वेचल्याने वजन घटून तोटाच होतो. ही तक्रार खरी आहे आणि एकट्या शेतकऱ्याच्या हाती तिचा इलाज नाही. सोसायट्यांनी माल एकत्र करून, ओल मोजून, वेचून, प्रयोगशाळेचा दाखला घेऊन विकला तरच दरात फरक पडण्याचा संभव आहे. तोपर्यंत निदान घरच्या वर्षभराच्या दाण्यांची व बियाण्याची वेचणी तरी प्रत्येकास करता येईल; चार पायल्यांस दोन दुपारी पुरतात.

ज्यांच्या घरी यकृताच्या कर्करोगाने कोणी गेले आहे त्यांनी जनुकांच्या परीक्षेआधी दुसरी एक साधी परीक्षा करावी. 'ब' काविळीचा विषाणू अंगात आहे किंवा नाही हे थोड्या खर्चाच्या रक्ततपासणीने कळते. सरकारी रुग्णालयांतूनही ती होते. घरातील सर्वांनी ती करून घ्यावी. ज्याच्या अंगात विषाणू निघेल त्याने डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, कारण विषाणूस दाबून ठेवणारी औषधे आता आहेत, आणि ठरावीक मुदतीने यकृत तपासत गेल्यास गाठ लहान असताना सापडू शकते. अशा माणसाने दारूस शिवू नये आणि संशयित दाणे तर खाऊच नयेत. शांघायचा ५९ चा आकडा त्याच्यासाठी आहे. यकृताचा प्रत्येक कर्करोग बुरशीनेच होतो असे नाही. दारूने होतो, 'क' काविळीने होतो, मेद साचून खराब झालेल्या यकृतातही होतो. म्हणून नक्की कारण डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे. ज्याच्या अंगात विषाणू नाही त्याने लस घ्यावी. तैवानात १९८४ पासून नवजात मुलांस ही लस देऊ लागल्यावर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या देशात २०११ पासून सर्व प्रांतांत ती सरकारी लसीकरणात आहे. पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. बाळंतपण घरी झाले तर ती चुकते, म्हणून त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे.